बदली राजाचे केस

लॉकडाउनपासून नवरा अवधूत आणि त्याचा भाऊ, दोघांचेही केस विनीताच कापायची. त्यामुळे रविवारी दुपारी धाकटा दीर श्रीराम त्यांच्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरी आला, यात नवल नव्हतं. पण या वेळी त्याला केस हुबेहूब अवधूतसारखे हवे होते, भांगासकट.

कारण अवधूतने सांगितलं. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळालेली मुदत संपत आली होती. नव्या कंपनीने पहिल्या मुलाखतीत त्याचा चेहरा पाहिला होता. उद्याची कोडिंगची मुलाखत व्हिडिओवर होती आणि ती त्याच्या नावाने श्रीराम देणार होता. दोघे इतके सारखे दिसत की व्हिडिओ कॉलवर आईही फसायची. फरक फक्त केसांचा.

विनीता नाही म्हणाली. तुझी प्रयोगशाळेतली नोकरी माझ्याच व्हिसावर उभी आहे, याची अवधूतने आठवण करून दिली.

"तत्त्वं नागपूरला जाऊन पाळ."

तिने खुर्ची टीव्हीसमोर ठेवली. श्रीरामने कोरियन ऐतिहासिक सिनेमा लावला. आजारी राजाच्या जागी त्याचा प्रधान एका ढोलकीवाल्याला बसवतो. चेहरा तोच, चालणं-बोलणं शिकवलेलं. सबटायटल्स वाचत भाऊ हसत होते.

"बघा वहिनी, राणीसुद्धा तोंड बंद ठेवते."

ती मशीनने मानेपासून केस कापत वर आली. पडद्यावर बरा झालेला राजा दरबारात परतला होता. बदली राजाने दिलेल्या निकालाबद्दल त्याला कोणी विचारलं, तर त्याला काहीच सांगता येईना.

"तुलाही पहिल्याच दिवशी विचारतील," ती अवधूतला म्हणाली. "हे कसं सोडवलंस म्हणून."

"ते मी बघेन."

"येतं का तुला ते?"

"तू मशीन चालव."

तिने मशीनची केसांची लांबी राखणारी फणी काढली आणि श्रीरामच्या कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ पट्टा साफ केला.

श्रीरामचा हात डोक्यावर गेला. विनीताला एक शिवी हासडून अवधूत उठला, क्षणभर विचार करत थांबला, आणि शर्ट काढू लागला.

"माझेही काढ. दोघंही टकले. कंपनीला काय कळतंय?"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

पडद्यावर प्रधानाची माणसं ढोलकीवाल्याला मागच्या दाराने ओढत नेत होती. श्रीराम हसत नव्हता.

"पकडलो गेलो तर तुला नोकरी मिळणार नाही, दादा. माझी तर आहे ती जाईल."

"आत्ता सुचतंय तुला हे?"

"तुझा तू दे इंटरव्ह्यू."

अवधूतने रिमोट सोफ्यावर आपटला. परत जावं लागलं तर घरी सगळ्यांना सांगेन की हिच्यामुळे, असं तो भावाला म्हणाला, जणू विनीता तिथे नव्हतीच. मग लॅपटॉप घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं.

"उरलेले काढा आता," श्रीराम तुटकपणे म्हणाला. "आणि माझ्याशी बोलू नका."

विनीताने त्याची मान पुढे वाकवली.