उजव्या कानातला मंत्र

आमचे हे मनातल्या मनात जप करतात, असं त्यांना वाटतं. ऐकू जातो तो अख्ख्या चाळीला. माणसाचा जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेला, मागांच्या खडखडाटाने कान खाल्ले. डावा जरा बरा, उजवा नावापुरता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती निघतो हे कसं कळणार? पाटावर डोळे मिटून बसतात आणि जे पुटपुटतात ते खालच्या मजल्यावरच्या शकुलाही पाठ झालंय.

इथेच मुलुंडला देवळामागे मार्तंडबुवा लोकांना ध्यानाला बसवतात. संपात गिरणी गेली तेव्हापासून हे घरात नुसते धुमसत असायचे, म्हणून मीच त्यांना तिथे धाडलं. बुवांनी एका गुरुवारी कानात मंत्र दिला. वर बजावलं, हा कोणाला सांगायचा नाही, बायकोलाही नाही, सांगितला की त्याचा जोर गेला. आता हे काही सांगत नाहीत आणि मी रोज सकाळी ऐकते. पाप कोणाला लागतं देव जाणे.

ऐकते काय, तर "सोड हं... सोड हं... सोड हं..."

पहिल्या दिवशी माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. मी दचकून ते खाली ठेवलं. मग वाटलं, मलाच सांगतायत की काय, मला आता सोड म्हणून? शकुने तर जिन्यात गाठून विचारलंच, वहिनी, भावजी तुम्हाला एवढं काय सोडायला सांगतात? मी तिला म्हटलं, तू आधी या नसत्या चौकशा सोड. पण माझं डोकं काही चालेना. असला कुठे मंत्र असतो? मंत्रात ओम हवा, नमः हवा. हे तर आपण पोरांना म्हणतो, दुसऱ्याचं खेळणं धरून बसली की.

आणि गंमत बघा, हे खरंच सोडायला लागले. आधी तंबाखू सोडली. माझ्या बापाने हात जोडले तेव्हा सुटली नव्हती ती. मग गिरणीचा बिल्ला, जो रोज पुसून देवाजवळ ठेवायचे, तो एका सकाळी उचलून भंगारवाल्याला दिला. गावच्या फणसावरून धाकट्या दिराशी, दशरथशी, उभं वैर होतं. तो गणपतीच्या वर्गणीसाठी आला तर हे त्याला म्हणाले, फणस तुझा. दशरथने बिचाऱ्याने घाबरून मला विचारलं, दादाला बरं नाही काय गो वैनी?

मला आशा लागली. खोटं कशाला बोलू?

आमची सुलक्षणा, एकुलती एक. तिने चंद्रप्रकाशशी लग्न केलं. आरे कॉलनीत डेअरीत कामाला आहे, तिथेच क्वार्टर. पोरगा बौद्ध. शोधून खोट सापडायची नाही असा, पण यांना जात आडवी आली. ती मला मेली, म्हणाले, आणि तिचं नाव घरात बंद. मी लपून जाईन म्हणून माझा हात देवावर ठेवून शपथ घ्यायला लावली. तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, आणि मी सख्खी आजी असून तिचं तोंड पाहिलेलं नाही. पवईवरून बसने गेलं तर कितीसं लांब? पण शपथ म्हणजे शपथ.

तर मी वाट बघत होते, सोडता सोडता हे तिथवर पोचतात का. पण फणसानंतर गाडी अडली. जप वाढला, जेवण तुटलं. डोळे मिटून बसलेले असायचे आणि गालावरून पाणी. मला काही समजेना. शेवटी मीच उठले आणि बुवांकडे गेले. विचारलं, बुवा, तुम्ही यांना नेमकं काय सोडायला सांगितलंत ते एकदा स्पष्ट सांगा.

बुवा माझ्याकडे बघतच राहिले. मी जप म्हणून दाखवला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अहो बाई, मंत्र आहे सोऽहम्. श्वास घेताना सो, सोडताना हम्. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, तो मी आहे. तो म्हणजे कोण? तेच तर ध्यानात शोधायचं, म्हणाले. घ्या! एवढं चालून गेले आणि होता तो गोंधळ दुप्पट झाला.

मी विचारलं, मंत्र दिलात तो कुठल्या कानात? म्हणाले, मंत्र उजव्याच कानात द्यायचा असतो. कर्म माझं. बुवांनी ताकीद दिली, चुकलेल्या अक्षरांना फळ नाही, आजच त्यांना सांगा आणि गुरुवारी घेऊन या, पुन्हा देतो.

परत येताना मी मनाशी घोकत होते, सो, हम्, सो, हम्. सांगायचं, सरळ सांगून टाकायचं. नवऱ्याला चुकीचं म्हणू देणारी मी कोण?

हे पाटावरच बसलेले होते. मला बघून म्हणाले, "बुवांकडे गेली होतीस?"

मी मान हलवली.

"द्रौपदी, मंत्र मी तुला सांगू शकत नाही. पण बुवांनी मला एक करायला सांगितलंय. सगळं करून झालं. एकच उरलंय. ते कुठलं, तुला ठाऊक आहे." मग म्हणाले, "ते धरूनच तर मी उभा आहे गो. ते गेलं तर मी कोण राहतो?"

माझ्या जिभेवर सोऽहम् होतं. खरा मंत्र, शुद्ध, बुवांच्या तोंडचा. पण तो सांगितला असता तर हा माणूस उद्यापासून श्वास मोजत बसला असता आणि माझी नात आरेतच मोठी झाली असती. मी जवळ जाऊन बसले आणि यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं.

"सोड हं," मी म्हटलं.

हे गर्रकन वळले. "हाच! हाच मंत्र. तुला कोणी सांगितला?"

मी पदराने डोळे पुसत राहिले. त्यांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला, उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि विचारलं, पवईला बस बदलावी लागते का?

सुलूने दार उघडलं आणि मला तर रडूच कोसळलं. चंद्रप्रकाशने यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. हे नुसते जमिनीकडे बघत बसलेले. तेवढ्यात नात आली, ओळख ना पाळख, सरळ यांच्या मांडीवर चढली आणि यांचा उजवा कान मुठीत घट्ट धरला.

सुलू घाबरून पुढे झाली. "सोड हं, बाळा. आजोबांना दुखेल. सोड हं."

यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"राहू दे," हे म्हणाले. "धरू दे तिला."