धुरजड गाडी

"थांबव! अरे शंकरसिंग, थांबव ना बाप्पा!"

जीपच्या मागच्या बाकावरून बळीराम ओरडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जीपला जोडलेली ट्रॉली आधी नुसती डुलली, मग खोडकर वासरासारखी या अंगाला त्या अंगाला उड्या घेऊ लागली आणि वरच्या नावेसकट पाटाकडेच्या बोरीच्या झुडपात जाऊन बसली. नाव वाचली, थोडी खरचटली. बळीरामचा मात्र जीवच गेला.

कारण ती ट्रॉली त्याने स्वतःच्या हातांनी बनवली होती. हातांनी म्हणजे, दीड हाताने म्हणा! गेल्या साली लकवा आला, उजवा हात निम्मा गेला, आणि ढाणकीच्या बाजारातल्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. या माणसाने जन्मभर लोखंडी बैलगाड्या केल्या. पण लोक शहाणे. तोंडावर "पाहू ना भाऊ" म्हणायचे आणि पुढच्या दुकानात शिरायचे. दुकान देऊन टाकावं, असं त्याच्या मनाने घेतलंच होतं, तेवढ्यात लालीबाई आली.

लालीबाई जवळच्या तांड्यावरची. तिच्या बायकांच्या गटाला मासे धरायला दोन तलाव मिळाले होते आणि नाव होती एकच. या तलावावरून त्या तलावावर ती न्यायची कशी? डोक्यावर घेऊन?

"भिया, नावेले चाकं लावून द्या," ती म्हणाली. तांड्यावर भावाला भिया म्हणतात. बळीरामने उभ्या जन्मात नाव जवळून पाहिली नव्हती, तरी तो हो म्हणाला. नाही म्हणायला दुसरं गिऱ्हाईक होतं कुठं?

मग नवराबायको दोघं राबली. सत्यशीला अँगल धरायची, बळीराम डाव्या हाताने वेल्डिंगचे टाके मारायचा. "आवो, वाकडं होऊन राह्यलं," ती म्हणायची. तो करवादायचा, आणि टाका तोडून परत मारायचा. नावेच्या पोटाला लोखंड लागू नये म्हणून जुन्या टायरचं रबर तिनेच आडव्या पट्ट्यांना गुंडाळलं. गाडी उभी राहिली त्या दिवशी बळीराम कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

आणि पहिल्याच फेरीला हे असं.

शंकरसिंग हा लालीबाईचा दीर, जीप त्याचीच. झुडपातून ट्रॉली ओढता ओढता तो जीपमधून उतरलेल्या लालीबाईला म्हणाला, "वहिनी, म्या सांगतलं होतं का नाई? पुसदले नेऊ. तिथं धडधाकट मिस्त्री आहेत."

बळीरामने ते ऐकलं. "खरं आहे त्याचं," तो खाली बघत म्हणाला. "घेऊन जा, लालीबाई. माह्याच्यानं नाई होत आता."

"काहून नाई होत?" लालीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या बापानं तुमच्या हातची गाडी हाकली जन्मभर. बैलाच्या मानेले कधी घट्टा नाई पडला. त्या गाडीच्या मानानं हे तर डबडं आहे नुसतं!"

बैलाच्या मानेचं ऐकून बळीरामला काहीतरी सुचलं. मग त्याने पुढे होऊन ट्रॉलीची दांडी डाव्या हाताने उचलली. नाव वर बांधलेली होती, तरी दांडी अलगद वर आली.

"हात्तिच्या मारी!"

इथेच तर गोम होती. बैलगाडी करणाऱ्याचं पहिलं शास्त्र हे की भार चाकांवर तोलला पाहिजे. पुढून जड, म्हणजे धुरजड गाडी करणाऱ्याला लोक कसाई म्हणत, कारण ते ओझं मुक्या जनावराच्या मानेवर बसतं. बळीरामने त्याच मायेने ट्रॉलीच्या चाकांचा आस बरोबर तोलावर बसवला होता. अहो, या बाबाने जीपवर दया केली होती!

"अवं, जीपले कुठं मान असते?" तो हसत सुटला. "दांडीवर वजनच नाई, तं मागचं धड जागेवर राहीन कसं? नाचनच ना थे! आस मागं घ्या लागते."

"म्हंजे पुसद क्यान्सल?" शंकरसिंग म्हणाला.

"तू जीप हाक गुमान," लालीबाई म्हणाली.

दुकानात येऊन आस सोडवला, मागे सरकवला. पण टाका मारायला हात धजेना. जन्मभर जी खोड गाडीत येऊ नये म्हणून जपलं, तीच आता जाणूनबुजून घालायची होती. सत्यशीलाने दांडी उचलून पाहिली आणि धपकन खाली ठेवली.

"आवो, लयच जड झाली ना पुढं!"

"होऊ दे," बळीराम म्हणाला. "लोखंडाचं ओझं लोखंडावर." आणि त्याने ठिणग्या उडवल्या.

दुसऱ्या दिवशी जीप त्याच रस्त्याने निघाली. बळीराम मागच्या बाकावर ट्रॉलीकडे तोंड करून बसला. पाटाचं वळण गेलं, उतार गेला, शंकरसिंगने मुद्दाम वेग वाढवला. ट्रॉली मागून मुकाट, सरळ येत राहिली. "आली रे माही बाई, आली," तो पुटपुटत होता आणि डोळे पुसत होता. शेजारी बसलेल्या सत्यशीलाने ते पाहिलं आणि धुळीला नावं ठेवली.

तलावाच्या काठावर जीप मागे घेत ट्रॉली पाण्यात घातली. बायकांनी दोर सोडले, आणि नाव आपसूक घसरून तरंगायला लागली. एकच गिल्ला झाला.

"लालीबाई, लय उपकार झाले तुमचे," बळीराम म्हणाला. "तुमी नसत्या आल्या तं म्या संपलो होतो."

"आन तुमी नसते तं ही नाव दारातच सडली असती," ती म्हणाली आणि गूळ वाटायला लागली.

बळीरामपाशी ती आली तेव्हा त्याने डावा हात पुढे केला. लकवा आल्यापासून सगळे त्याच हातात द्यायचे, चहाचा कप असो की बाजारातले सुट्टे. लालीबाईने तो हात बाजूला सारला. लोंबणारा उजवा हात उचलला, तळव्यावर गुळाचा खडा ठेवला आणि खालून आपल्या हाताचा आधार देऊन उभी राहिली.

बोटं मिटायला वेळ लागला. मागे बायका गुळासाठी थांबल्या होत्या. कुणीच घाई केली नाही.