मथुराबाईच्या रेडिओतला ट्रान्झिस्टर

महेश्वरीला पहिली मुलगी झाली, ते साल दोन हजार तेवीस. ती बाळंतपणाला बेंबळीला माहेरी आली होती. तिचा बाप गुरुलिंग खाटेवर होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली.

असं होऊन दोन वर्षं झाली होती. गुरुलिंग बँजो पार्टीत गिटार वाजवायचा. पायाशी फझचा डबा असायचा. त्यातून गेला की तारेचा आवाज फाटायचा, छाती फोडून कुणी ओरडावं तसा. डबा धाकट्या भावानं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धुळाप्पानं करून दिलेला. ढोकीच्या वरातीत ऐन नाचात डब्याची बॅटरी उतरली. ती बदलायला गुरुलिंग वाकला. पुढं नाचणाऱ्या उत्तरेश्वरला वाटलं, आपल्याला बघून मुद्दाम बंद केलं. त्यानं ट्रॉलीची लोखंडी पिन उपसली, एक घाव डब्यावर घातला, दुसरा गुरुलिंगच्या डोक्यात. गिटार तेवढी वाचली. तारांवर वाळलेलं रक्त धुळाप्पानं थिनरनं पुसलं.

तेव्हापासून धुळाप्पाचा एकच ध्यास. अण्णाला तो आवाज परत ऐकवायचा. नवे ट्रान्झिस्टर घालून त्यानं चार डबे केले. दर वेळी गुरुलिंग थोडं ऐकायचा आणि भिंतीकडं तोंड फिरवायचा.

फुटलेल्या डब्यात जुने, जर्मेनियम धातूचे ट्रान्झिस्टर होते. त्या मालातला दुकानात एकच उरला होता. तो नाजूक. सोल्डर मारताना त्याचा पाय पकडीत धरावा लागतो, म्हणजे आच पकड खाते. धुळाप्पा सोल्डर मारायला बसला तेवढ्यात जामिनावर सुटलेला उत्तरेश्वर दुकानापुढून मोटरसायकलचा हॉर्न वाजवत गेला. संतापात धुळाप्पानं तसंच सोल्डर टेकवलं. पकड लावायची राहिली. ट्रान्झिस्टर जळाला.

त्या मालातला दुसरा आता कुठं असेल, हे त्याला ठाऊक होतं. मथुराबाईच्या रेडिओत. पंधरा वर्षांमागं त्यानंच बसवलेला. मथुराबाई उत्तरेश्वरची आई.

बारशाला दोन दिवस असताना तो दुपारी ढोकीला गेला.

"मावशी, तुमचा रेडिओ द्या. बदल्यात नवा घ्या."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं नाही. "नवा नगं. ने. आमच्या घरातनं तुमाला काय तरी चांगलं जाऊ दे."

रेडिओ काखेत मारून तो उंबरा ओलांडतोय तोच उत्तरेश्वर आला.

"काय रं रेडिओवाल्या? भाऊ मुका झाला, आता त्येला बातम्या ऐकवतो व्हय?"

"वाट सोड."

उत्तरेश्वरनं रेडिओ हिसकावला आणि त्याच्या डाव्या हातावर हाणला. दोन बोटं मोडली, रेडिओ फुटला. धुळाप्पा तुकडे वेचायला बसला, तशा पोटात लाथा बसू लागल्या. एक, दोन, मग मोजदाद राहिली नाही. म्हातारी मुलाच्या पायाला लोंबकळली, तर त्यानं तिलाही भिंतीवर फेकलं. धुळाप्पानं खिशातली पकड काढून त्याच्या नडगीत रुतवली. उत्तरेश्वर बोंबलत खाली बसला. धुळाप्पानं तुकड्यांतली ट्रान्झिस्टर असलेली पट्टी उचलली, तोंडात धरली आणि सरपटत रस्त्याला लागला. पकड मात्र सोडली नाही.

मिळेल त्या गाडीनं तो बेंबळीला पोचला. घरी महेश्वरीनं त्याला बघितलं आणि बाळ गोधडीवर ठेवलं.

"काका! आधी दवाखान्यात चला."

"मागनं. ही पकड घे. ह्यो ट्रान्झिस्टरचा पाय घट्ट धर. मी सांगंस्तोवर सोडू नगं."

"रगात हाय हिला."

"आपलं न्हाय त्ये."

ती धरून राहिली. त्यानं उजव्या हातानं तो डब्यात सोल्डर केला. मग गिटार डब्याला जोडून अण्णाच्या छातीवर ठेवली, त्याचा चांगला डावा हात दांडीवर ठेवला आणि तार छेडली.

आवाज फाटला. तोच.

गुरुलिंगनं तोंड फिरवलं नाही. त्याची डावी बोटं हलली, तार दाबली, पुढचा सूर धरला आणि धुळाप्पाकडं डोळे वटारून बघितलं. पूर्वी बँडातल्या चुकणाऱ्याकडं बघायचा तसं.

"वाजवतो की अण्णा, दमा जरा," धुळाप्पा हसला.

धुळाप्पाचं पोट दगडासारखं झालं होतं, घाम थांबत नव्हता. महेश्वरीनं जीप बोलावली. जीप दारात येऊन उभी राहिली. धुळाप्पा उठला नाही. अण्णा सूर धरत होता आणि तो तार छेडत होता. अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून वाजवलं. मग धुळाप्पाच गिटारीवर कलंडला.

दवाखान्यात कळलं, लाथांनी आतडं फाटलं होतं.

धुळाप्पा बारशाच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी दहा वाजता वारला. वय छपन्न.