बोधचिन्हातले कान

नवं बोधचिन्ह हेलसिंकीहून आलं तेव्हा उत्तरेकडच्या इनारीत, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांसाठीच्या बातमी विभागात टाळ्या पडल्या. तिथंच काम करणारी रिस्तेन मात्र जवळ जाऊन चित्रातले कान बघू लागली.

राष्ट्रीय वाहिनीनं या विभागासाठी आजवर बरंच काही करून पाहिलं होतं. आधी नुसती अक्षरं होती. मग ढोलाचं वर्तुळ आलं. पूर्वजांचा ढोल असा मिरवायचा नसतो म्हणून म्हाताऱ्यांनी ओरड केली. त्यानंतरची निळी लाट कुणालाच आपली वाटली नाही. आता रेनडिअरचे दोन कान होते, एकाचं टोक तिरकं कापलेलं, दुसऱ्याला खाचा. चित्रकाराला ती नक्षी वाटली असावी. पण इथे रेनडिअर कुणाचा ते कानाला दिलेल्या कापांवरून ओळखतात, प्रत्येक मालकाची कानखूण वेगळी असते, आणि ही रिस्तेनच्या मामाची, नीलासची होती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी कळपांत वाढलेलं नव्हतं.

नीलासचा शेजारच्या कुटुंबाशी कुरणावरून खटला चालू होता. त्याच्या बातम्या हाच विभाग द्यायचा. आता रोज त्या बातम्यांवर मामाची खूण झळकणार, आणि भाचीनंच ती घुसवली असं लोक म्हणणार.

तिनं हेलसिंकीला ओस्मोला फोन लावला. तो विभागप्रमुख, विभागाच्या गाड्यांवर नव्या चिन्हाची चित्रं चिकटवून मोकळा झालेला.

“खाचा कोण बघत बसतंय, रिस्तेन?”

“इथं सगळे बघतात. तोंडाआधी कान बघतात.”

मामाची हरकत नसेल तर प्रश्न मिटला, असं म्हणून त्यानं तिला मामाकडेच पिटाळलं.

नीलासनं इथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि चित्र बराच वेळ न्याहाळलं.

“झकास काढलंय. राहू दे.”

“मामा, खटला चालू आहे.”

“म्हणून तर राहू दे. रोज संध्याकाळी बघू देत त्यांना.”

हे मला ओस्मोला सांगावं लागेल, असं ती म्हणाली.

“सांग की. मग कॉफीला येत जाऊ नकोस.”

ती गाडीत जाऊन बसली. तिथूनच तिनं ओस्मोला फोन केला आणि मामाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.  गाड्यांवरची चित्रं खरवडायला सांगतो, एवढंच तो म्हणाला.

बातम्या निळ्या लाटेवरच सुरू राहिल्या. दुकानात खटल्यातल्या त्या शेजारच्या कुटुंबातल्या बाईनं रिस्तेनला नव्या चिन्हाचं काय झालं म्हणून विचारलं. अजून ठरायचंय, असं सांगून ती पाव न घेताच बाहेर पडली.

शरदात कळप कुंपणात आणायच्या दिवशी ती भीतभीतच गेली. मामानं तिच्याकडे पाहिलं नाही. माणसं कमी पडली तेव्हा त्यानं कळप अडवायच्या दोराचं टोक तिच्या हातात दिलं. तिनं दोर घट्ट धरला.