कठड्याचा तंटा

सरहद्दीच्या नदीवरचा पूल बांधून कधीच तयार झाला होता. उघडला मात्र नव्हता, कारण अलीकडच्या सरकारने आपल्या अर्ध्या कठड्याला हिरवा रंग दिला होता आणि पलीकडच्याने निळा. मधोमध जिथे ते दोन रंग भेटले, तिथे दोन्ही सरकारांची अब्रू अडकून बसली होती.

अलीकडच्या इंजिनिअरबाईंना मात्र या भांडणाने सोन्याचे दिवस दाखवले होते. त्यांची लेक पलीकडे दिलेली, तीही पलीकडच्या इंजिनिअरच्याच घरात. पुलाचं काम इतकं रेंगाळलं की तेवढ्यात पोरांचं जुळून गेलं. आता नात झाली होती. बंद पुलावरून पलीकडे जायची मुभा एकाच कारणासाठी होती: वादाची पाहणी. बाई दर आठवड्याला जात, कठड्यावर एक नजर टाकत आणि उरलेला दिवस नातीला मांडीवर घेऊन बसत.

आणि आज तंटा समितीच्या बैठकीत दोन्ही अध्यक्षांना अचानक शहाणपण सुचलं.

"सगळाच पांढरा करून टाकू," अलीकडचे म्हणाले.

"करू," पलीकडचे म्हणाले. अजून चहासुद्धा आला नव्हता.

बाईंनी मनात हिशोब केला. तंटा मिटला की पाहणी संपली, आणि उद्घाटनासाठी दोन मंत्र्यांच्या तारखा जुळेपर्यंत पोर शाळेत जायला लागली असती. त्या उठून उभ्या राहिल्या.

"हरकत आहे. पांढरा म्हणजे कोणता? आम्हाला दुधी हवा."

त्यांच्याच अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "बाई, बसा हो खाली."

समोरून व्याही उठले. या गृहस्थांनी लग्नाच्या जेवणापासून खांबांच्या उंचीपर्यंत बाईंच्या प्रत्येक बोलण्याला फाटे फोडले होते. आज नेमके ते 'चालेल' म्हणाले की सगळं संपलं. दोघांचं एकमत झाल्यावर तंटा उरतो कुठला? बाईंनी डोळे मिटून घेतले.

"दुधी आम्हाला मुळीच मान्य नाही," व्याही म्हणाले. "मोतियाच पाहिजे. जीव गेला तरी."

दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी अध्यक्षांनी पाहणीची मुदत वाढवून दिली आणि चहा मागवला.

बाईंनी व्याह्यांना जिन्यात गाठलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फार उपकार झाले तुमचे."

"कसले उपकार, विहीणबाई," व्याही जांभई आवरत म्हणाले. "पोर फक्त तुमच्या मांडीवर झोपते. एरवी रात्रभर मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरतो. पुढची पाहणी जरा मुक्कामाची काढा."