दिवाणातली ज्वारी

"डॉक्टर, मांजर घरात नसतानाही मांजरामुळं दम लागतो का?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, तनुजा आणि श्रेयानं लावली होती. आधी मी दवाखान्यात स्वतःचं नाव सांगतानाही आईकडं बघायचे. पण यंदा वक्तृत्वात पहिली आले. आता मी कुणालाही काहीही विचारते.

शैला डॉक्टर माझ्या धाकट्या भावाची, शिवराजची छाती तपासत होत्या. त्या थांबल्या. "मांजर कुठून आलं मध्येच? मागच्या वर्षी हातावर टोचून टेस्ट केली, तेव्हा झुरळांची ॲलर्जी निघाली. मांजराची नव्हतीच. झुरळांची घाण धुळीतून श्वासात जाते. बाबांना तेव्हाच सांगितलं होतं."

आई शिवराजच्या दम्याच्या पंपाचं झाकण उघडत-लावत बसली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

त्या टेस्टनंतर शिवराजचा दम मांजरामुळंच, असं सांगून बाबा म्हणाले होते, "मांजर पाहिजे का भाऊ, तूच ठरव." मी माझ्या बुंदीला स्वतःच्या हातानं पिशवीत घातलं. बाबांनी तिला वाळूजला, त्यांच्या कंपनीतल्या गोकुळकाकांकडं सोडलं. मी रडलेसुद्धा नाही. लई शहाणी.

आणि झुरळं कुठं, तर आमच्या दिवाणात. बाबांचे थोरले भाऊ तात्यासाहेब गावाहून वर्षाची ज्वारी पाठवतात. ती पोती दिवाणात, वर आम्ही बहीणभाऊ. घरच्या ज्वारीजवळ औषध मारायचं नाही, हा तात्यासाहेबांचा कायदा. शिवराजची छाती शिट्टी वाजवते आणि पाठीखाली झुरळांचा संसार.

पुंडलिकनगरला घरी येताच मी बाबांना गाठलं.

"पोती नको म्हटलं असतं तर तात्यासाहेब म्हणाले असते, शहरात जाऊन घरचं धान्य जड झालं," बाबा म्हणाले.

"आणि बुंदीला कुणी विचारणारं नव्हतं. म्हणून तिला काढलं."

"झुरळं म्हटलं की बाया घराला नावं ठेवतात गं," आई म्हणाली. "दिवसभर फरशी पुसते मी."

"मग मला तरी सांगायचं. मी दिवाण उपसला असता."

"ताई, बुंदी येणार?" शिवराजनं विचारलं.

उत्तर मीच दिलं, स्टेजवरच्या आवाजात. "आजपासून मी आणि शिवराज हॉलमध्ये झोपणार. रविवारी दिवाण रिकामा करून धुवायचा, ज्वारी घट्ट झाकणाच्या कोठीत जाईल. तात्यासाहेबांना फोन मी करते. बुंदीला आणायला मात्र बाबा, तुम्ही जायचं. आणि गोकुळकाकांना खरं कारण सांगायचं."