ऑकरमन साहेबांची कायमची डेप्युटी

आमच्या पेलम काउंटीच्या शेरिफ ऑफिसात, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत, कागदावर अकरा डेप्युटी होते. प्रत्यक्षात दोन. बाकीच्या नऊ जागांपुढे दर महिन्याला ‘भरती सुरू आहे’ असं टाइप करणारी कारकून मीच, नदीन क्रेब्स. आलेला फोन घेणं, वायरलेसवरून गाडी धाडणं आणि तुरुंगातल्या चार-पाच जणांचं जेवण गरम करणं हेही माझ्याकडेच. बावीस वर्षं मी त्या टेबलाशी आहे.

माणसं मिळत नव्हती असं नाही. शेरिफ गस ऑकरमन साहेब एखादा तरणाताठा गडी शोधायचे, त्याला सोळा आठवडे राज्याच्या पोलीस अकादमीत पाठवायचे आणि तो परत आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचे. वर्षाच्या आत तो गडी शहराच्या पोलिसांत दाखल. तिथे पगार बरा, गाडी नवी आणि रस्त्यावरच्या गाई हाकाव्या लागत नाहीत. भिंतीवर असे नऊ फोटो जमले होते.

“नदीन, आपण शहरासाठी रोपवाटिका चालवतोय,” साहेब एकदा वैतागून म्हणाले.

“मग हे फोटो उतरवू का?”

“राहू देत. ऑफिस भरल्यासारखं वाटतं.”

प्रशिक्षणाचीही तीच गत. दरेक डेप्युटीने वर्षाला चाळीस तास शिकलं पाहिजे असा राज्याचा नियम. पण दोघांतला एक वर्गात बसला तर सगळी काउंटी दुसऱ्यावर, आणि त्या दुसऱ्याची पाठ धरलेली. मग साहेबांनी शक्कल काढली. व्हिडिओचे धडे फोनवर लावायचे आणि गस्त घालता घालता ऐकायचे. आमच्या लॉनी टीगने ‘गर्दीवर नियंत्रण’ हा धडा मक्याच्या शेताकडेला गाडीत एकट्याने बसून पूर्ण केला. साहेबांनी प्रमाणपत्रावर सही ठोकली.

एके दिवशी साहेब हसत हसत आले. शाळेची बस बंद झाली होती आणि एकतीस वर्षं ती चालवणारी डॉर्कस व्हिटलो घरी बसली होती. वय एकोणसाठ. स्वतःचं घर, चौदा शेळ्या, नवऱ्याची कबर चर्चमागे. साहेब आणि ती शाळेत एकाच वर्गात होते.

“डॉर्कस, शहरात जावंसं वाटतं का गं कधी?” मुलाखतीत साहेबांनी एवढंच विचारलं.

“दातांच्या डॉक्टरकडे जाते. तेवढं पुरतं.”

“झालं! लागलीस तू कामाला.”

“अरे गस, पण धावणं, बंदूक... माझं वय बघ.”

“वय बघूनच घेतोय. तुला पळवून कोण नेणार?”

ती जायला उठली. मग म्हणाली, “शेळ्यांचं बघायला माणूस लाव. सोळा आठवडे.” साहेबांनी ते काम माझ्यावर ढकललं.

दर रविवारी तिचा अकादमीतून फोन यायचा. पहिल्या महिन्यात तिच्या पायांची नखं काळीनिळी झाली आणि दीड मैल धावताना ती दोनदा ओकली. “सोडून ये,” मी म्हणायचे. “छे गं. त्या पोरांच्या देखत?” असं म्हणून ती फोन ठेवायची. नवव्या आठवड्यात ती ठरलेल्या वेळेत पोचली. शेवटून दुसरी.

अकादमीत एक खोटं घर होतं. आत एक माणूस दारुड्याचं सोंग घेऊन, हातात बाटली धरून आरडाओरडा करायचा, आणि शिकाऊ पोलिसाने त्याला आवरायचं. डॉर्कसच्या आधीच्या पोराने त्याला बारा सेकंदांत खोट्या गोळीने ठार केलं होतं. त्याच्या आधीच्याने फ्रिजला. डॉर्कस आत गेली आणि दारातल्या खुर्चीवर स्वतःच बसली.

“नाव काय रे तुझं?”

“तुझ्या बापाला विचार!”

“तो वारला. तूच सांग. आणि बसून ओरड, उभ्याने ओरडलं की घेरी येते.”

तो नट गोंधळला, बसला आणि खरंच नाव सांगून मोकळा झाला. शिकवणाऱ्या कॅप्टन व्हूर्हीजने कागद उलटसुलट करून पाहिला. हुकूम, मिरीची फवारणी, विजेची बंदूक, गोळी, असे चार रकाने होते. “बाई, ‘खाली बसवलं’ असा रकाना नाही यात,” तो म्हणाला आणि त्याने ‘अपूर्ण’ लिहिलं. दुसऱ्या खेपेला डॉर्कसने “बस खाली!” हे जरा खणखणीत आवाजात म्हटलं. हुकूम धरला गेला, ती पास झाली.

ती आली, दहावा फोटो लागला. वर्ष गेलं तरी शहराकडून कुणी तिला विचारलं नाही. साहेब खूश. पण राहणाऱ्या माणसाचा एक त्रास असतो, त्याला सगळं दिसायला लागतं.

ऑगस्टात लॉनी विजेच्या बंदुकीचा धडा गिरवत होता. ‘एकाने दुसऱ्यावर प्रयोग करावा’ असं त्यात सांगितलं होतं. पाठ धरलेला डेप्युटी निवृत्त झाला होता आणि डॉर्कस गस्तीवर, तर लॉनीने दोन्ही कामं स्वतः केली. तो पडला तो गाडीच्या बंपरवर. मनगट मोडलं, दोन दात गेले. पुढचे अठरा दिवस डॉर्कसने एकटीने सगळी काउंटी सांभाळली. एकोणिसाव्या दिवशी ती टोपी हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

“गस, लॉनीला त्या चाळीस तासांसाठी नीट अकादमीत पाठव. त्याला तू व्हिडिओवर वाढवलायस.”

“आणि गस्त कोण घालणार?”

“तू.”

“मी? अगं, मी शेरिफ आहे!”

“मग तर तुला सगळं येत असेल. तू कधी शिकलास रे हे?”

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. शेरिफ होण्याआधी ते ट्रॅक्टर विकायचे. डॉर्कस बाहेर आली आणि तिने माझ्याकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं. बोट फिरवत तिने वाचलं. डेप्युटीसाठी अकादमी, धावणं, नेमबाजी, मानसिक चाचणी. शेरिफसाठी वय पंचवीस, काउंटीतलं घर आणि जास्त मतं.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच,” मी म्हटलं.

शुक्रवारी तिने उमेदवारीचा अर्ज भरला. साहेबांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी ‘अनुभवाला मत द्या’ अशा पाट्या सगळीकडे रोवल्या. डॉर्कसने एकही पाटी लावली नाही, तिला गस्तीतून वेळच नव्हता. तिच्या बसमधून शाळेत गेलेली पोरं मात्र आता मतदार झाली होती. ती अजून तिला ‘मिस डॉर्कस’ म्हणायची आणि ती समोर आली की पाय आवरून बसायची.

निवडणुकीआधी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोघांची सभा झाली. एका शेतकऱ्याने विचारलं, “साहेब, तुमची माणसं टिकत का नाहीत?”

साहेब तावातावाने उठले. “टिकत नाहीत? ही डॉर्कस बघा! हिला मी निवडलं. गेली का सोडून?”

आधी कुणीतरी मागे खुदकन हसलं, मग सगळा हॉल. लोक कशाला हसताहेत ते साहेब शोधत राहिले. डॉर्कस एकटी हसली नाही. खाली मान घालून बसली होती. नंतर मला म्हणाली, “वाईट वाटलं गं. शाळेतही तो असाच फसायचा.”

ती दणदणीत मतांनी निवडून आली. साहेब खोली रिकामी करायला आले तेव्हा तिने त्यांना कॉफी दिली आणि टेबलावर अर्ज ठेवला.

“जागा रिकाम्या आहेत, गस.”

“थट्टा करतेस माझी?”

“थट्टेला वेळ कुठाय? पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडायच्या आत मला उत्तरेच्या रस्त्यांवर माणूस हवाय. पण आधी अकादमी. व्हिडिओ चालणार नाही.”

साहेब कॉफी न पिता निघून गेले. तीन आठवडे इकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी अर्ज भरून माझ्या टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत न बघता विचारलं, “छायाचित्रं दोन लागतात की तीन?”

पाचव्या आठवड्यात त्यांचा अकादमीतून फोन आला. गुडघ्याचं मलम पाठव म्हणाले. जेवणाबद्दल कुरकुरले. मग म्हणाले, “नदीन, आज अहवाल लिहायला शिकवलं. प्रत्येक ओळीला आपण जबाबदार असतो म्हणे. मी चौदा वर्षं सह्या करत होतो, त्या कशावर गं?”

“वाचायला वेळ नाही, असं तुम्हीच म्हणायचात, साहेब.”

“साहेब नको म्हणू. इथे मला ऑकरमन म्हणतात,” ते म्हणाले. “आणि उद्या परत धावायचंय.”

ते पास झाले, तिसऱ्या खेपेला. आता उत्तरेचा भाग त्यांच्याकडे आहे. त्यांचे अहवाल लांबलचक असतात. परवा एका हरवलेल्या कुत्र्यावर सहा पानं आली. सही करण्याआधी डॉर्कसने ती सगळी वाचली आणि चौथ्या पानावर लाल पेनाने एक प्रश्न लिहून परत पाठवली.